रेव्ह लिमिटर असतानाही इंजिन फुटतं कसं? ट्रॅकवरची ‘मनी शिफ्ट’ नावाची महागडी चूक

रील्स बघता बघता असा एखादा व्हिडिओ तुमच्याही समोर आला असेल. कॅमेरा गाडीच्या आत लावलेला, समोर रेस ट्रॅकची सरळ पट्टी, ड्रायव्हरच्या डोक्यावर हेल्मेट. तो गिअर बदलतो. खरं तर वरचा गिअर पडल्यावर इंजिनाचा आवाज खाली यायला हवा. पण तो खाली येत नाही, उलट किंचाळल्यासारखा वर जातो. मीटरचा काटा लाल पट्टा ओलांडतो, मागचे टायर कचकचतात. पुढच्या क्षणाला आवाज एकदम बंद, आणि आरशात पांढरा धूर.

खाली कमेंट्स ठरलेल्या असतात. ‘गाडीच तकलादू दिसतेय.’ ‘रेव्ह लिमिटर नव्हता का?’ ‘कंपनीकडून नवीन इंजिन घ्या.’

या तिन्ही कमेंट्स बहुतेक वेळा चुकतात. गाडी चांगली असते, रेव्ह लिमिटरही जागेवर असतो, आणि कंपनी इंजिन देत नाही. झालेलं असतं एवढंच, की ड्रायव्हरच्या हातून चुकीचा गिअर पडलेला असतो. मॅन्युअल गिअरच्या गाड्या ट्रॅकवर पळवणाऱ्यांच्या भाषेत याला ‘मनी शिफ्ट’ म्हणतात. शिफ्ट म्हणजे गिअर बदलणं, आणि मनी कशासाठी ते बिल आल्यावर कळतं.

नेमकं होतं काय?

मॅन्युअल गाडीत गिअरची मांडणी इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखी असते. डावीकडे वर पहिला, खाली दुसरा. मधल्या रांगेत वर तिसरा, खाली चौथा. उजवीकडे पाचवा आणि सहावा. म्हणजे दुसरा आणि चौथा गिअर शेजारी शेजारी, दोन्ही खालच्या बाजूला. एकमेकांपासून काही सेंटिमीटरवर.

तिसऱ्या गिअरमध्ये गाडी पूर्ण जोरात आहे आणि ड्रायव्हरला चौथा टाकायचा आहे. लिव्हर सरळ खाली ओढायचा, बस. पण घाईत हात थोडा डावीकडे गेला तर चौथ्याऐवजी दुसरा पडतो. वर जायचं होतं, दोन पायऱ्या चुकून माणूस खाली गेला.

चौथ्यावरून पाचवा टाकतानाही हीच गोष्ट. लिव्हर मोकळा सोडला की स्प्रिंगमुळे तो आपोआप मधल्या रांगेत येतो. पाचव्यासाठी तो उजवीकडे ढकलावा लागतो. तो पुरेसा ढकलला गेला नाही तर पाचव्याऐवजी तिसरा पडतो.

सगळ्यात वाईट प्रकार मात्र वळणाआधी ब्रेक मारताना घडतो. पाचव्यावरून चौथा टाकायचा असतो आणि पडतो दुसरा.

हे गणित होंडाच्या एस२००० या गाडीवर करून बघू. होंडाने आपल्या ५० व्या वर्षाच्या निमित्ताने काढलेली ही दोन सीटची गाडी १९९९ मध्ये बाजारात आली. दोन लिटरचं, टर्बो नसलेलं इंजिन, आणि लाल पट्टा थेट ९,००० आरपीएमला. म्हणजे मिनिटाला ९,००० फेरे. या गाडीच्या सुरुवातीच्या मॉडेलचे गिअर रेशो असे आहेत: दुसरा २.०४५, तिसरा १.४८१, चौथा १.१६१, पाचवा ०.९७०.

तिसऱ्यात ८,५०० आरपीएमला गिअर बदलला आणि चौथा नीट पडला, तर इंजिन सुमारे ६,७०० वर येतं. छान. चुकून दुसरा पडला, तर तेच इंजिन सुमारे ११,७०० आरपीएमकडे खेचलं जातं.

चौथ्यात ८,५०० ला असताना पाचव्याऐवजी तिसरा पडला, तर आकडा सुमारे १०,८०० होतो.

पाचव्यात ७,००० ला असताना चौथा टाकला तर इंजिन सुमारे ८,४०० वर जातं, म्हणजे मर्यादेत. चौथ्याऐवजी दुसरा पडला तर हिशेब १४,७०० च्या पुढे जातो.

प्रत्यक्षात काटा पूर्ण त्या आकड्यापर्यंत पोहोचतोच असं नाही. मधेच क्लच घसरतो, मागचे टायर लॉक होऊन सरकतात. पण त्याआधीच इंजिनाने आपली मर्यादा ओलांडलेली असते. आणि मागचे टायर लॉक झाले की गाडी स्वतःभोवती फिरण्याचा धोका वेगळाच.

गिअर बरोबर पण वेळ चुकीची, असंही होतं. तिसऱ्यात ८,००० आरपीएमला गाडी असताना, पुरेसा ब्रेक न लावता दुसरा टाकला, तर इंजिन ११,००० वर जातं. इथे हात चुकलेला नाही, घाई झालेली आहे. इंजिनाला मात्र दोन्हींतला फरक कळत नाही.

मग रेव्ह लिमिटर काय करत होता?

इथेच बहुतेकांचा गैरसमज असतो. रेव्ह लिमिटर म्हणजे इंजिनाला बांधलेला दोर नाही. इंजिन ठरावीक आरपीएमच्या वर जायला लागलं की तो पेट्रोल किंवा स्पार्क तोडतो, इतकंच त्याचं काम. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी इंजिन वाचतं ते यामुळेच. तिथे इंजिनाला फिरवणारी ताकद पेट्रोलमधून येत असते. पेट्रोल तोडलं की विषय संपला.

मनी शिफ्टमध्ये इंजिनाला फिरवणारी ताकद चाकांकडून येते. धावत्या गाडीचं हजार-बाराशे किलो वजन चाकांमार्फत, गिअरबॉक्समधून, क्लचमधून इंजिनाला उलट फिरवायला लावतं. धक्का मारून गाडी चालू करतो तेव्हा हेच होतं, फक्त इथे धक्का ताशी दीडशे किलोमीटर वेगाचा असतो. लिमिटर पेट्रोल तोडतो, स्पार्क तोडतो. चाकं कोण तोडणार? म्हणून पाय ॲक्सिलरेटरवरून उचलूनही काही उपयोग होत नाही.

थोडक्यात, लिमिटर गाडीला ड्रायव्हरच्या उजव्या पायापासून वाचवतो. डाव्या हातापासून वाचवणारं मॅन्युअल गाडीत काहीही नसतं.

इंजिनाच्या आत काय मोडतं?

९,००० आरपीएमला एस२००० चं इंजिन सेकंदाला १५० फेरे मारतं. प्रत्येक पिस्टन एका सेकंदात ३०० वेळा थांबतो आणि उलट दिशेला पळतो. प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ७५ वेळा उघडतो आणि बंद होतो.

पिस्टनला दर वेळी थांबवून परत खेचण्याचं काम कनेक्टिंग रॉड करतो. या ओढीचा नियम साधा आहे. वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट होते. त्यामुळे ९,००० वरून ११,७०० ही वाढ ३० टक्के दिसत असली तरी रॉडवरचा ताण जवळपास ७० टक्क्यांनी वाढतो. ९,००० आरपीएमला या इंजिनात पिस्टनच्या प्रत्येक १०० ग्रॅमसाठी सुमारे ४८० किलो वजनाइतकी ओढ लागते. ११,७०० ला तीच सुमारे ८२० किलो होते.

पण बऱ्याचदा रॉडच्या आधी व्हॉल्व्हचा नंबर लागतो. व्हॉल्व्ह उघडण्याचं काम कॅमशाफ्ट करतो, बंद करण्याचं काम स्प्रिंग. ही स्प्रिंग ठरावीक वेगापर्यंतच साथ देते. त्याच्या पुढे गेलं की व्हॉल्व्ह वेळेत बंद होत नाही, तरंगत राहतो. तेवढ्यात खालून पिस्टन वर येतो. दोघांची गाठ पडली की व्हॉल्व्ह वाकतो. वाकलेला व्हॉल्व्ह नीट बसत नाही, त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन जातं आणि इंजिन थडथडायला लागतं. नशीब बरं असेल तर हेड खोलून, व्हॉल्व्ह बदलून भागतं. व्हॉल्व्हचं डोकं तुटून आत पडलं, तर पिस्टन, सिलिंडर, हेड सगळंच जातं.

रॉडचं प्रकरण त्याहून फसवं आहे. रॉडचे बोल्ट ताणले जातात, पण लगेच तुटतीलच असं नाही. बेअरिंगमधली फट किंचित वाढते. तेलाचा थर नीट टिकत नाही. गाडी ट्रॅकवरून स्वतःच्या चाकांवर घरी जाते, सगळे म्हणतात, ‘थोडक्यात वाचलो’. मग काही दिवसांनी किंवा काही महिन्यांनी खालून टकटक ऐकू यायला लागते. तरीही चालवत राहिलं तर एक दिवस रॉड तुटून इंजिन ब्लॉकला भगदाड पाडून बाहेर येतो. त्यानंतर दुरुस्त करण्यासारखं फारसं उरत नाही.

एक कमी माहीत असलेली गोष्टही आहे. चुकीचा गिअर पडला पण क्लच अजून दाबलेलाच आहे, तर इंजिन सुरक्षित असतं. पण क्लच प्लेट मात्र गिअरबॉक्सच्या बाजूला जोडलेली असल्यामुळे ती त्या प्रचंड वेगाने फिरते. कधी कधी तिच्याच चिंधड्या होतात.

चांगल्या ड्रायव्हरच्या हातूनही हे का होतं?

नवशिके चुकतात हे खरं, पण ही फक्त नवशिक्यांची चूक नाही. ट्रॅकवर गिअर बदलायला सेकंदाचा काही भागच मिळतो. त्याच वेळी नजर पुढच्या वळणावर असते, शरीर सीट बेल्टमध्ये एका बाजूला फेकलं जात असतं.

भारतात ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि गिअर डाव्या हाताने टाकतो. उजव्या वळणावर शरीर डावीकडे लोटलं जातं, हातही तिकडेच जातो. लिव्हरही डावीकडे, म्हणजे नेमका दुसऱ्या गिअरच्या बाजूला ढकलला जातो. डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या देशांत उलट आहे. तिथे लिव्हर जोरात स्वतःकडे ओढणाऱ्याला दुसरा गिअर सापडतो. अंगठा वर करून मूठ आवळण्याची सवय दोन्हीकडे महागात पडते.

जुन्या गाड्यांमध्ये आणखी एक कारण असतं, ते म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचे रबरी माउंटिंग. ते सैल झाले की वळणावर आणि जोरात ॲक्सिलरेट करताना इंजिन-गिअरबॉक्स जागेवरून हलतात. ड्रायव्हरचा हात रोजच्या जागी जातो, पण गिअरची जागा सरकलेली असते. काही हजारांचे माउंटिंग वेळेवर न बदलल्याने लाखांचं इंजिन जाऊ शकतं ते असं.

आणि थकवा. ट्रॅक डेचं शेवटचं सेशन, उकाडा, हेल्मेटच्या आत घाम, आणि ‘अजून एक फास्ट लॅप’ हा मोह.

ही चूक फक्त ट्रॅकवरच होते असंही नाही. एक्स्प्रेस वेवर शंभरच्या वेगात पाचव्यावरून चौथ्याऐवजी दुसरा टाकला, तर साध्या हॅचबॅकचं इंजिनही मर्यादेबाहेर जाऊ शकतं. फरक एवढाच की रस्त्यावर सहसा इंजिन निम्म्या जोरात चाललेलं असतं, त्यामुळे चुकीला थोडी जागा मिळते. ट्रॅकवर ती जागा आधीच वापरून झालेली असते.

मनी शिफ्टशिवाय आणखी कोणत्या चुका इंजिन खातात?

थंड इंजिन ताणणं: तेल गरम होऊन नीट पसरायच्या आत पहिल्याच लॅपला पूर्ण आरपीएम. पाण्याचा काटा वर आला म्हणजे तेल गरम झालं असं नाही, तेलाला जास्त वेळ लागतो.

तेलाची पातळी न बघणं: लांब, वेगवान वळणावर सम्पमधलं तेल एका बाजूला चढतं. पातळी आधीच कमी असेल तर पंप तेलाऐवजी हवा ओढतो. बेअरिंगला तेवढे दोन-चार क्षण पुरतात. शर्यतीच्या गाड्यांत आणि पोर्शे ९११ जीटी३ सारख्या गाड्यांत म्हणूनच ‘ड्राय सम्प’ असतो, ज्यात तेल वेगळ्या टाकीत साठवलं जातं.

गाडी फिरली तरी क्लच न दाबणं: गाडी स्पिन होऊन गिअरमध्येच मागे सरकली तर इंजिन उलट फिरू शकतं. ट्रॅकवरचे प्रशिक्षक म्हणूनच शिकवतात की गाडी हातातून गेली की क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबायचे.

काट्याकडे दुर्लक्ष: तापमान वाढतंय किंवा ऑइल प्रेशरचा दिवा लागलाय, तरी लॅप पूर्ण करायचा हट्ट.

खर्च कोण देतं?

सरळ उत्तर: बहुतेक वेळा मालक स्वतः.

भारतातल्या खासगी गाडीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात. त्यात आयोजित शर्यत, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग आणि रिलायबिलिटी ट्रायल यासाठीचा वापर वगळलेला असतो. त्याशिवाय यांत्रिक बिघाड हा वेगळा अपवादही पॉलिसीत असतोच. म्हणजे हा क्लेम दोन्ही दारांवर अडतो. ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचं ॲड-ऑन घेतलेलं असेल तर ते साधारणपणे पाणी शिरल्याने किंवा तेल गळून झालेल्या नुकसानासाठी असतं. चुकीच्या गिअरसाठी नाही.

परदेशात ट्रॅक डेसाठी एका दिवसाचा वेगळा विमा मिळतो. पण तोही साधारणपणे धडकेचं नुकसान भरतो, फुटलेलं इंजिन नाही.

उरली वॉरंटी. ‘गाडी सिग्नलवर उभी होती आणि इंजिन अचानक बंद पडलं’ असं सांगायचा मोह अनेकांना होतो. पण गाडीला आठवण असते.

हे आजचं नाही. जुन्या शर्यतीच्या गाड्यांच्या आरपीएम मीटरमध्ये एक जादा काटा असायचा. मुख्य काटा खाली आला तरी हा काटा सर्वांत जास्त गाठलेल्या आकड्यावर अडकून राहायचा. ड्रायव्हर पिटमध्ये येऊन काय सांगतोय ते ऐकण्याआधी मेकॅनिक तो काटा बघायचा.

आज ते काम इंजिनाचा कॉम्प्युटर करतो. पोर्शेच्या गाड्या याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण. इंजिन मर्यादेच्या किती वर गेलं, त्या टप्प्यात किती वेळा इग्निशन झालं आणि इंजिनाच्या आयुष्यातल्या कितव्या तासाला हे शेवटचं घडलं, याची नोंद त्यात राहते. ९९७ पिढीच्या सुरुवातीच्या ९११ मध्ये असे दोन टप्पे होते, पुढे ते सहा झाले. लिमिटरला टेकून झालेली नोंद खालच्या टप्प्यात जाते. वरच्या टप्प्यातली नोंद मात्र ॲक्सिलरेटरने होऊच शकत नाही, ती चुकीच्या गिअरनेच होते. म्हणून जुनी ९११ घेणारे जाणकार लोक किलोमीटरच्या आधी हा रिपोर्ट मागतात. मालकाने लपवलं तरी गाडी सांगून टाकते.

बिलापेक्षा मोठा धोका कोणता?

इंजिन फुटलं की तेल ट्रॅकवर सांडतं, आणि ते नेमकं रेसिंग लाइनवर, जिथून मागचा प्रत्येक जण जाणार असतो. मागून येणाऱ्याला ते दिसत नाही. अशा वेळी मार्शल पिवळ्यावर लाल उभ्या पट्ट्यांचा झेंडा दाखवतात, म्हणजे पुढे रस्ता निसरडा आहे. पण झेंडा हलेपर्यंत काही सेकंद जातातच.

जर्मनीतल्या नुरबुर्गरिंगच्या २०.८ किलोमीटरच्या नॉर्डश्लाइफवर पैसे भरून कुणीही आपली गाडी चालवू शकतं. तिथे तेल सांडलं तर मागून येणाऱ्याच्या जिवाशी गाठ असते. म्हणून ‘पिटपर्यंत तरी नेतो’ हा विचार सर्वांत घातक. आवाज बदलला, धूर दिसला, तेलाचा दिवा लागला, की रेसिंग लाइन सोडायची, बाजूला सुरक्षित जागी थांबायचं आणि इंजिन बंद करायचं. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट असो, चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टईचं सर्किट असो की कोइम्बतूरचं करी मोटर स्पीडवे, हा नियम सगळीकडे सारखाच.

यावर उपाय नाही का?

उपाय शर्यतीच्या जगाने १९८९ मध्येच काढला. डिझायनर जॉन बर्नार्ड यांनी फेरारी ६४० या फॉर्म्युला वन गाडीत स्टिअरिंगमागे पॅडल दिले. बटण दाबायचं, गिअर यंत्रणा टाकणार. २६ मार्च १९८९ ला ब्राझीलमध्ये ही गाडी पहिल्यांदा शर्यतीत उतरली आणि नायजेल मॅन्सेलने ती शर्यत जिंकली. यंत्रणा त्या मोसमात वारंवार बिघडली, पण दिशा ठरली. काही वर्षांत सगळी ग्रिड पॅडलवर गेली. १९९७ मध्ये फेरारीने एफ३५५ मधून ही सोय रस्त्यावरच्या गाडीत आणली.

आजच्या ऑटोमॅटिक आणि ड्युअल क्लच गाड्यांत कॉम्प्युटर आधी हिशेब करतो. खालचा गिअर इंजिनाला झेपणार नसेल तर पॅडल कितीही दाबा, तो गिअर टाकतच नाही.

मॅन्युअल गाडीत ‘रेव्ह मॅचिंग’ येतं, निसानच्या ३७०झेडमध्ये ते होतं. पण ते गिअर मऊ पडावा म्हणून इंजिनाचा वेग जुळवतं. चुकीचा गिअर टाकणाऱ्या हाताला ते अडवत नाही.

तरीही लोकांना मॅन्युअल हवाच असतो. पोर्शेने २०१३ मध्ये ९९१ पिढीची जीटी३ फक्त ड्युअल क्लचवर आणली, तेव्हा चाहत्यांनी नाराजी दाखवली. २०१७ मध्ये कंपनीने मॅन्युअलचा पर्याय परत दिला. तोही ९,००० आरपीएमच्या इंजिनासोबत. म्हणजे चुकायचं स्वातंत्र्य लोकांनी मागून घेतलं.

मॅन्युअल गाडी ट्रॅकवर नेत असाल तर

लिव्हर आवळून धरू नका. तळहात उघडा ठेवून ढकला किंवा बोटांनी ओढा. तिसऱ्यावरून चौथा टाकताना सरळ खाली, बाजूला जोर नको.

आधी ब्रेक, मग गिअर. वेग उतरल्याशिवाय खालचा गिअर नाही.

गिअर अडत असेल तर कोंबू नका. एवढ्या वेगाला चुकीचा गिअर सहज पडत नाही, सिंक्रोनायझर त्याला विरोध करतो. तो विरोध हा शेवटचा इशारा असतो.

क्लच झटक्यात सोडू नका. तो उचलताना इंजिनाचा आवाज विचित्र चढला तर लगेच परत दाबा. नुकसान कदाचित टळणार नाही, पण कमी होईल.

जाण्याआधी तेल, माउंटिंग आणि गिअर लिंकेजचे बुश तपासून घ्या. दमलात तर शेवटचं सेशन सोडून द्या.

आणि चूक झालीच, तर ‘चालू होतेय का बघू’ म्हणून परत स्टार्टर मारू नका. गाडी टोइंगवर गॅरेजला न्या. कॉम्प्रेशन टेस्ट, लीक-डाउन टेस्ट, प्लगच्या भोकातून कॅमेरा टाकून तपासणी, आणि ऑइल फिल्टर कापून त्यात धातूची चमकी आहे का ते बघणं, एवढ्यावर बरंच कळतं. वाकलेला व्हॉल्व्ह आजच सापडला तर हेडचं काम निघेल. दोन महिन्यांनी सापडला तर कदाचित अख्खं इंजिन.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मेकॅनिकला खरं सांगा. ‘चौथ्याऐवजी दुसरा पडला’ हे एक वाक्य त्याचे कित्येक तास वाचवतं. मित्राची गाडी चालवताना झालं असेल तर मित्रालाही त्याच दिवशी सांगा. ताणलेला बोल्ट त्या दिवशी गप्प बसलेला असतो. पुढच्या वेळी स्टिअरिंगमागे कोण बसलंय ते बघून तो तुटत नाही.